कुत्र्याची जात आणि कायद्याची पंचाईत

आमच्या घरी एक कुत्रा आहे. त्याचे नाव बंड्या. रंग मळकट पांढरा, शेपटी पॉमेरेनियनसारखी पाठीवर वळलेली, कान मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याचे, एक उभा आणि एक पडलेला. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या लसीच्या कार्डावर 'जात' या शब्दापुढे 'नॉन-डिस्क्रिप्ट' असे लिहून दिले आहे. म्हणजे ज्याचे वर्णन करता येत नाही असा. हा वर्णनातीत प्राणी पाच वर्षे आमच्या अंगणात सुखाने नांदत होता. २०२४ च्या मार्च महिन्यात एका पहाटे तो फाटकातून बाहेर पडला आणि पेपर टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीला कडकडून चावला. फाटकाची कडी लागलेली नव्हती. रात्री कडी लावण्याचे काम माझ्याकडे असते.

जखम नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलाला स्कूटरवर घालून सरकारी दवाखान्यात नेले. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शने आता घ्यावी लागत नाहीत. दंडात, ठरलेल्या दिवशी, मोजकीच घ्यावी लागतात. पण मुलगा दहावीत होता आणि परीक्षा चार-पाच दिवसांवर आली होती. एक सुई नेमकी परीक्षेच्या आठवड्यात येत होती.

संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात आली. आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "सर, तुमचं कुत्रं त्या बंदीच्या यादीतलं हाय काय ओ?"

त्या दिवसांत ती यादी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. मी तत्परतेने म्हणालो, "नाही हो ताई, आमचा साधा गावठी. यादीत नाही तो."

"मग चावलं कसं ओ ते?"

मी राज्यशास्त्र शिकवतो. अधिनियम, नियम, परिपत्रक, अध्यादेश यांतील फरक वर्गात फळ्यावर लिहून देतो. पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि आपण दिलेल्या उत्तराची लाज वाटत होती, कारण कायद्याच्या यादीआड लपण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतर या विषयावर जे वाचले, ते या लेखात सांगत आहे.

प्रथम यादीविषयी. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना एक पत्र पाठवले. मानवी जीविताला धोकादायक अशा २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, त्यांच्यासाठी परवाने देऊ नयेत आणि जे आधीच घरोघर पाळलेले आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्याचा आशय होता. याची पार्श्वभूमी अशी. अशा कुत्र्यांवर बंदी घालावी, अशी मागणी करणारी याचिका दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारला या मागणीवर तीन महिन्यांत निर्णय घेण्यास सांगितले. त्याआधी दोन वर्षे उत्तरेत वातावरण तापलेलेच होते. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका वृद्धेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला. पाठोपाठ कानपूर आणि गाझियाबाद या महापालिकांनी आपापल्या हद्दीत पिटबुल, रॉटवायलर अशा कुत्र्यांवर बंदीचे ठराव केले. एका गावात बंदी आणि शेजारच्या गावात मोकळीक, असा तो प्रकार होता. केंद्राचे पत्र आले ते या पार्श्वभूमीवर.

ती यादी मुळातून वाचण्यासारखी आहे. पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो, रॉटवायलर, केन कॉर्सो, कांगाल, मध्य आशियाई व कॉकेशियन मेंढपाळ कुत्रे अशी नावे तीत आहेत. यांतली निम्मी नावे आपल्याकडच्या कुत्र्यांच्या हौशी मंडळींनीही पुस्तकातच पाहिली असतील. जपानचा टोसा तीत दोनदा आलेला आहे, एकदा 'टोसा इनू' म्हणून आणि एकदा 'जपानी टोसा' म्हणून. 'टेरियर' हा शब्द एकटाच, काहीही विशेषण न लावता, बसवून दिला आहे. टेरियर हे एका जातीचे नाव नव्हे, ते अख्खे कूळ आहे. मांडीवर बसून बिस्किटे खाणारा यॉर्कशायर टेरियरही त्याच कुळातला. यादीच्या शेवटी 'बॅन डॉग' नावाने ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा, असे आहे. यातल्या 'बॅन'चा बंदीशी संबंध नाही. साखळीने बांधून ठेवायचा राखणीचा कुत्रा, असा त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ. म्हणजे बांधलेल्या कुत्र्यावर बंदी आली आणि सुटलेल्या बंड्याबद्दल अवाक्षर नाही!

शिवाय या सर्वांच्या मिश्र व संकरित संततीलाही ही बंदी लागू होती. हे वाचले तेव्हा मी जरा चपापलो. बंड्याची आई आमच्या गल्लीतली. बाप कोण ते तिलाच ठाऊक. त्याच्या रक्तात एखादा टेरियर नाही, हे मी कशाच्या आधारावर सांगितले होते?

कर्नाटकात राहणाऱ्या आपल्यासाठी पुढचा भाग महत्त्वाचा. हे पत्र कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हानित झाले. न्यायालयाने प्रथम राज्यापुरती स्थगिती दिली आणि १० एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती एम. नागप्रसन्ना यांनी ते पत्र रद्द ठरवले. वर्तमानपत्रांतील मथळे वाचून पुष्कळांचा समज असा झाला की, न्यायालयाने पिटबुल पाळण्याला आशीर्वाद दिला. तसे नाही. न्यायालयाचा मुद्दा मुख्यतः पद्धतीचा होता. संबंधितांचे म्हणणे ऐकून निर्णय घेऊ, असे सरकारने दिल्लीत सांगितले होते. प्रत्यक्षात कुत्री पाळणारे, पैदास करणारे, त्यांच्या संस्था, यांपैकी कोणालाही विचारले गेले नाही. ज्या समितीच्या शिफारशीवर पत्र निघाले तिची रचनाही नियमांत अपेक्षित आहे तशी नव्हती. योग्य रीतीने विचारविनिमय करून सरकारला नवा निर्णय घेता येईल, हा मार्ग न्यायालयाने मोकळाच ठेवला. पुढे केंद्राने लोकांकडून हरकती व सूचनाही मागवल्या. त्याच निकालात आणखी एक विचार आहे, तो मथळ्यांत आला नाही. कुत्र्याने कोणाला जखमी केले तर उपचाराचा सर्व खर्च मालकाने सोसला पाहिजे, आणि नुकसानभरपाई त्याहून वेगळी मागता आली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आहे. यादीऐवजी बोट मालकाकडे वळते ते इथे.

आता प्रश्न असा की, जातीवर बंदी हा उपाय मुळात चालतो काय? याचा गाजलेला प्रयोग इंग्लंडातला. १९९१ साली तेथे लहान मुलांवर व माणसांवर हल्ल्यांच्या काही भयंकर घटना लागोपाठ घडल्या, वृत्तपत्रांनी काहूर उठवले आणि पार्लमेंटने घाईघाईने 'डेंजरस डॉग्ज ॲक्ट' संमत केला. त्यात चार प्रकार निषिद्ध ठरले: पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. यांतला खरा प्रश्न पिटबुलचाच होता. बाकीचे तीन त्या देशात जवळजवळ नव्हतेच.

अडचण लगेच उभी राहिली. इंग्लंडातल्या अधिकृत केनेल क्लबच्या दफ्तरी पिटबुल नावाची जातच नोंदलेली नव्हती! मग एखादा कुत्रा पिटबुल आहे, हे ठरवायचे कोणी आणि कसे? कायद्याने 'जात' हा शब्द टाळून 'प्रकार' असा शब्द वापरला होता. १९९३ साली न्यायालयाने निर्णय दिला की, प्रकार हा जातीपेक्षा व्यापक आहे. अमेरिकेतील एका संस्थेने पिटबुलची जी लक्षणे लिहून ठेवली आहेत त्यांतली बरीचशी ज्या कुत्र्यात आढळतील तो पिटबुलच्या प्रकारातला. अशा रीतीने डोक्याचा आकार, छातीचा घेर, शेपटीची लांबी यांची मोजमापे न्यायालयात येऊ लागली. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे पुराव्याचे ओझे. आपल्याला शिकवलेले असते की आरोप करणाऱ्याने आरोप सिद्ध करावा. येथे उलट: सरकारने म्हटले की हा कुत्रा निषिद्ध प्रकारातला, की तो तसा नाही हे मालकाने सिद्ध करायचे. कोणालाही न चावलेले, केवळ अंगकाठीने सापडलेले कुत्रे यात मारले गेले. अखेर १९९७ साली दुरुस्ती करून न्यायाधीशांना थोडा विवेक वापरण्याची मुभा द्यावी लागली.

आणि एवढे करून काय झाले? पिटबुल गेला, त्याच्या जागी 'एक्सएल बुली' नावाचा आडदांड कुत्रा आला, तो १९९१ च्या यादीत नव्हता. त्याने माणसे मारली. सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बंदीची घोषणा केली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सवलतीच्या दाखल्याशिवाय असा कुत्रा बाळगणे गुन्हा ठरला. पुन्हा व्याख्या आली, पुन्हा फूटपट्टी आली: खांद्यापाशी नराची उंची २० इंच किंवा अधिक, मादीची १९ इंच. दाखल्यासाठी ९२ पौंड ४० पेन्स शुल्क, निर्बीजीकरण, कातडीखाली ओळखचिप, विमा, आणि बाहेर नेताना पट्टा व तोंडाला जाळी. पन्नास हजारांहून अधिक कुत्र्यांसाठी असे दाखले घेतले गेले. एका यादीतून सुटलेला कुत्रा दुसऱ्या यादीत यायला मध्ये तीस वर्षे गेली आणि जीवही गेले.

इतर देशांबद्दल फार लिहीत नाही. हॉलंडने १९९३ साली पिटबुलवर बंदी घातली आणि चाव्यांचे प्रमाण घटले नाही म्हणून २००८ साली ती उठवली. इटलीने २००३ साली नव्वदाहून अधिक जातींची यादी केली होती. २००९ मध्ये ती फाडून टाकून मालकाची जबाबदारी ठरवणारा हुकूम काढला. अमेरिकेत डेन्व्हर शहराची १९८९ ची बंदी २०२० साली मतदारांनीच सैल केली.

यावरून 'जात ही सगळी थोतांड आहे' असे म्हणणारा एक पक्ष असतो. त्याच्याशीही मी सहमत नाही. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २३८ मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात निरनिराळ्या किमान २५ जाती सापडल्या, हे खरे. पण निम्म्याहून अधिक मृत्यूंत पिटबुलसारखे कुत्रे आणि रॉटवायलर होते, हेही खरे. बंड्या चावला तेव्हा पोटरीला चार दात लागले. त्या जागी पन्नास किलोंचा कुत्रा असता तर मी हा लेख लिहीत बसलो नसतो. जबड्याची ताकद, वजन, एकदा धरले की न सोडण्याची खोड, या गोष्टी काल्पनिक नव्हेत. चार मजल्यांच्या इमारतीत शेजाऱ्याने असा कुत्रा आणला तर लहान मुलांच्या आईला भीती वाटते. ती भीती अडाणीपणाची म्हणून हिणवणे मला तरी जमणार नाही.

पण कुठला कुत्रा चावेल, हे जातीवरून सांगता येत नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्नावल्या देऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासून संशोधकांनी असे दाखवले की, कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला अवघा नऊ टक्के जातीमुळे स्पष्ट होतो. बाकीचा त्या कुत्र्याचा स्वतःचा, वाढवणाऱ्याचा, परिस्थितीचा.

आणि जात ठरवणेही वाटते तितके सोपे नाही. याचे उदाहरण शोधायला इंग्लंडला जाण्याची जरुरी नाही. ते आपल्याच मुलखात आहे. बागलकोट जिल्ह्यातले मुधोळ. घोरपडे राजांचे संस्थान. तेथले लांब पायांचे, कंबरेत बारीक, वाऱ्यासारखे धावणारे शिकारी कुत्रे आपण मुधोळ म्हणून ओळखतो. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ते इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिले होते आणि २००५ साली या कुत्र्यावर टपाल तिकीटही निघाले. सोलापूर-सांगलीकडे लोक त्यालाच 'कारवान' म्हणतात. देशातल्या एका केनेल संस्थेच्या नोंदवहीत तो 'कॅरव्हान हाउंड' म्हणून आहे आणि दुसऱ्या संस्थेच्या नोंदवहीत 'मुधोळ हाउंड' म्हणून. राजाश्रय आणि टपाल तिकीट लाभलेल्या कुत्र्याच्या नावावर जिथे एकमत नाही, तिथे रस्त्यात उभा असलेला पोलीस शिपाई एखाद्या संकरित जनावराकडे पाहून त्याच्यात किती आणे पिटबुल आहे हे कसे सांगणार?

मग कायद्याने करावे तरी काय? मला सर्वांत आश्चर्य वाटले ते या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आपल्याकडे १८६० पासून लिहिलेले आहे हे पाहून. भारतीय दंडविधानाचे कलम २८९. आपल्या ताब्यातील कोणत्याही प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला जबर दुखापत होण्याचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी व्यवस्था जाणूनबुजून किंवा हयगयीने जो करणार नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'कोणताही प्राणी' हे शब्द लक्षात घ्या. जात नाही, उंची नाही, फूटपट्टी नाही. कायदा विचारतो ते एवढेच की कडी लावली होती काय. १८६० साली हजार रुपये ही घरदार विकायला लावणारी रक्कम होती. पुढे ती चेष्टा झाली. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, त्यात हेच कलम २९१ व्या क्रमांकावर आले आणि दंडाची मर्यादा पाच हजार झाली. आजच्या काळात एखाद्या जातिवंत पिल्लाची किंमत याहून अधिक असते.

हे झाले फौजदारीचे. दिवाणी बाजूला, भरपाईच्या संदर्भात, जुन्या इंग्रजी न्यायपद्धतीत एक गमतीचे तत्त्व होते. पाळीव जनावराने इजा केली तर मालक जबाबदार कधी? त्या जनावराची खोड मालकाला आधीपासून माहीत असेल तर. यावरून तिकडे म्हणू लागले की प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा फुकट. पेपरवाल्या मुलाच्या दृष्टीने हा न्याय कसा आहे, ते सांगायला नको. आपल्या शेजारी गोव्यात २०२५ साली हिंस्र प्राण्यांची पैदास व पाळणे यांचे नियमन करणारे विधेयक विधानसभेपुढे आले, त्याच्या नावातच 'नुकसानभरपाई' हा शब्द आहे. यादीचा मोह त्यालाही सुटलेला नाही. परंतु जखमी माणसाची आठवण नावातच ठेवली, हे मला मोलाचे वाटते.

एक गोष्ट आणखी सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ साली देशात कुत्रे चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. इतके चावे त्या तेवीस परदेशी नावांनी घेतलेले नाहीत, हे आपल्या कोणत्याही बसस्टँडवर दहा मिनिटे उभे राहिले तरी कळते. त्या कुत्र्यांना जात नाही, तसा मालकही नाही. त्यांचा प्रश्न निराळा, २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांचा आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या, मग बदललेल्या, मग वाढवलेल्या आदेशांचा. तो इतका नाजूक आहे की १८३२ च्या जूनमध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत पारशी समाज रस्त्यावर आला, दंगल झाली आणि लष्कर बोलवावे लागले. त्यावर स्वतंत्र लेख कोणी विद्यार्थ्याने लिहावा. मी इतकेच म्हणेन की, जिथे मालक आहे तिथेसुद्धा आपण कायदा लावत नाही. माझ्यावर कोणी फिर्याद केली नाही. ती माऊली पोलिसांत गेली असती तर कलम २८९ खाली मला बोलवता आले असते. नंतर एकदा मी तिला तसे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "कशाला ओ सर, परीक्षा हुती त्याची."

मुलगा पास झाला. चारही सुया मी त्याला स्कूटरवरून नेऊन दिल्या, त्यात मोठेपणा काही नाही. बंड्याला आता दरवर्षी लस वेळेवर मिळते. पूर्वी एक वर्ष चुकले होते, तेही येथे कबूल करतो. फाटकाला दुसरी कडी बसवली आहे आणि पहाटे पेपर येण्याच्या वेळी मी साखळी घेऊन अंगणात उभा असतो.

आता तो मुलगा कॉलेजात जातो. यंदा जूनपासून दुसरा एक मुलगा पेपर टाकायला येऊ लागला. पहिल्याच दिवशी तो फाटकाबाहेर सायकल थांबवून बंड्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, चावतंय काय ओ हे?"

"होय," मी म्हणालो, "एकदा चावलंय." आणि साखळीचा आणखी एक वेढा हाताला घेतला.